कुलूप फोडणाऱ्या नणंदबाई

आमच्या थोरल्या नणंदबाईंइतका कुलपांवर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा झाला नसेल. इतवारीत कुलूप घ्यायला गेल्या की त्या दुकानदारालाच ते किल्लीशिवाय उघडून दाखवायला सांगत. त्यानं नकार दिला, तर केसांतला आकडा काढून स्वतःच बसत, आणि मागे गिऱ्हाइकं खोळंबत.

त्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कम्प्युटर शिकवत. लग्नानंतर मीही तिथेच लागले. ऐंशीनंतरची गोष्ट. कॉलेजात युनिक्सवर चालणारं नवं मशीन आलं आणि प्राचार्यांनी ठरवलं, परीक्षेचे पेपर आता त्यातच ठेवायचे. मशीनसोबत फाइलला कुलूप लावणारा ‘क्रिप्ट’ नावाचा प्रोग्रॅम आला होता. परवलीचा शब्द दिला की मजकुराचा नुसता गिचमिडा होई. सगळे खूश, वन्सं सोडून.

“काहून वं, कंपनीनं देलं म्हणून मजबूत झालं काय?” त्या मला म्हणाल्या. “मी फोडूनच पाहतो.”

प्राचार्यांनी आपला पेपर स्वतःच्या शब्दानं बंद करून त्यांना दिला. मग घरात दुसरा विषय उरला नाही. जेवताना त्या ताटातल्या वरणात बोटानं अक्षरं काढत, सासूबाई काही सांगू लागल्या की म्हणत, “थांब वं माय, एक अक्षर सापडून राहिलं.” अखेर एका सकाळी ओल्या केसांनीच रिक्षात बसल्या आणि मलाही ओढून घेतलं. प्राचार्यांच्या खोलीत उभ्या राहून त्यांनी पेपर मोठ्यानं वाचायला घेतला. चौथ्या प्रश्नाला प्राचार्यांनी हात जोडले.

“माझा शब्द तुम्हाला कळला कसा?”

“शब्द मले अजून माहीत नाही, सर. पण तुमचा हरेक पेपर ‘अटेम्प्ट एनी फाइव्ह’नंच सुरू होते. तेवढा धागा पुरला.”

मग क्रिप्टच्या जागी कुलपाचा दुसरा प्रोग्रॅम मी लिहिला, अमेरिकेत छापून आलेल्या एका प्रमाण पद्धतीवरून. तो इतका संथ, की एक पेपर बंद होईस्तोवर चहा पिऊन व्हायचा. वन्संनी दिवाळीची महिन्याची सगळी सुट्टी तो फोडण्यामागे लावली. नव्या सुनेचं काम नणंद तपासणार. मला जेवण गोड लागेना. एका दुपारी मी भाकऱ्या थापत असताना त्या स्वयंपाकघरात आल्या.

“हरली वं मी,” म्हणाल्या, आणि माझे पिठाचे हात धरून त्यांनी चक्क फुगडीच घातली. हरून एवढा आनंदलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. प्राचार्यांना त्यांनी सांगितलं, “हाच घ्या, सर. तवरक चहा पीत जा.”

वन्संना जाऊन बरीच वर्षं झाली. आता असे प्रोग्रॅम ढिगानं मिळतात, झटक्यात चालतात. मीही चार जणांचं मत वाचून त्यातला एक निवडते. पण स्वतः काही नवं लिहिलं की वाटतं, माझ्यावर महिनाभर मनापासून संशय घेणारं कोणीतरी घरात हवं होतं.