पाण्यासारखा डिंक

चिकटवाचिकटवीच्या बाबतीत मी स्वतःला मोठा जाणकार समजत असे. कोल्हारच्या शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवायचो, त्यामुळे खळ, डिंक आणि सरस यांच्याशी रोजचीच गाठ. सरस जनावराच्या कातड्या-हाडांचा. तो चुलीवर वितळवायला ठेवला की घरभर असा वास सुटायचा की माझी बायको नाकाला पदर लावून ओसरीवर जाऊन बसायची. 'आवो, शेजारी इचारतील, मास्तरच्या घरात काय मेलंय म्हून,' असं तिथून ओरडायची. ती खर्ड्याकडची. लग्नाला दोन वर्षं झाली तरी तिची बोली तसूभर हलली नव्हती आणि मलाही ती हलायला नको होती.

सरसाचा नियम एकच. लाकूड उन्हात खडखडीत वाळवायचं, किंचित कोमट करायचं आणि मग लावायचं. ओल राहिली की सांधा सुटलाच म्हणून समजा. हा नियम मी वर्गात इतक्या वेळा सांगितला होता की मुलं माझ्या आवाजात त्याची नक्कल करायची.

माझा एक बालमित्र बोटीवर नोकरीला होता. बहात्तरच्या दिवाळीनंतर तो गावी आला, तेव्हा माझ्यासाठी करंगळीएवढ्या दोन ट्यूबा घेऊन आला. म्हणाला, "हा डिंक पाण्यासारखा पातळ आहे. एक थेंब टाक, फटीत आपोआप शिरतो आणि दहा म्हणेपर्यंत घट्ट होतो." सोबत इंग्रजीत छापलेली चिठ्ठी होती. ट्यूब कोरड्या जागी ठेवा, ओल लागू देऊ नका, एवढं मला त्यातलं कळलं. म्हणजे सरसाचाच भाऊबंद, असं ठरवून मी मोकळा झालो. दोन्ही ट्यूबा तांदळाच्या बरणीत खोल खुपसून ठेवल्या.

त्याच हिवाळ्यात बायकोच्या दुखण्याला नाव मिळालं. लहानपणी तिला सांधे सुजून ताप आला होता. त्या तापाने काळजाची एक झडप आखडून गेली होती. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन पुण्याला होईल, पावसाळ्याच्या तोंडाशी नंबर लागेल. तोवर हंडा उचलायचा नाही, जिना चढायचा नाही, एस.टी.चे धक्के खायचे नाहीत. "तोवर श्वास जपून वापरायचा," असं ते म्हणाले. ती हसली. मी मात्र ते वाक्य पाठ केलं आणि पाणी भरण्यापासून भाकरी थापण्यापर्यंत सगळं अंगावर घेतलं. माझ्या भाकरीचा आकार बघून ती म्हणायची, "ह्यो कोनता जिल्हा म्हनायचा?"

एस.टी. बंद म्हणजे माहेर बंद. त्यात सासऱ्यांचं पत्र आलं. विहिरीला पाणी उरलं नव्हतं, मोट काढून छपरात टांगून ठेवली होती आणि ते खडी फोडायच्या कामावर जात होते. पत्र वाचून ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ती त्या मोटेच्या कुरकुरीवर झोपायची, उठायची. संध्याकाळी मी म्हणालो, "तुझी विहीर मी तुला इथं करून देतो. मोटेसकट." ती उठून बसली. "चिंचेसकट करा," म्हणाली.

काम तिच्या आठवणीवरून सुरू झालं. तिने सांगायचं आणि मी कापायचं. काड्यापेटीच्या काड्या, बांबूच्या कामट्या, डब्याच्या पत्र्याचे तुकडे आणि मोटेच्या चाकासाठी बंद पडलेल्या घड्याळातलं एक पितळी चाक. बैल ज्या उतारावरून खाली जातात ती धाव मी भुश्याची केली. मोट वर येऊन ज्या हौदात पाणी ओतते ते थारोळं पत्र्याचं. चिंच तीनदा हलवली. "तितं न्हाई, अलीकडं. तुमी काय आमची इहीर बघितलीच न्हाई का?" आणि मी खरंच ती नीट बघितली नव्हती. लग्नात मी विहिरीकडे कशाला बघतोय!

मग जोडायची वेळ आली आणि तो फॉरेनचा डिंक चिकटेना. मी सगळे तुकडे शिस्तीत पत्र्यावर मांडून उन्हात वाळवले होते. हवा अशी कोरडी होती की ओठ फुटत होते. थेंब टाकायचा, तुकडे धरून ठेवायचे, दहा सोडा, शंभर मोजायचे. बोट काढलं की सगळं खाली. तीन दिवस हा खेळ चालला. चौथ्या दिवशी मी त्या मित्राचा उद्धार केला आणि ते पितळी चाक थेंबासकट कण्यावर तसंच डगमगतं ठेवून शाळेला निघून गेलो.

परत आलो तर ती हाताला फुंकर घालत बसलेली. चाक धुरकट दिसलं म्हणून तिने ते उचललं होतं. आरसा पुसताना करायची तसा त्यावर तोंड उघडून 'हा' केला आणि पदराने पुसायला गेली. डिंकाने क्षणात पदर धरला आणि चटकाही दिला. "आवो, ह्ये चावतंय!" ती म्हणाली. कात्रीने पदर सोडवावा लागला. लुगड्याचा एक निळा दोरा चाकाला चिकटला तो चिकटलाच. मी तिच्या बोटाकडे बघायचं सोडून चाकाकडेच बघत राहिलो, कारण मला एकदम उमगलं होतं. या डिंकाला ओल लागते. मी ज्या ओलीला घाबरून इतके दिवस सगळं उन्हात भाजत होतो, तीच याला हवी होती. थेंबभर पाणी नको, एक 'हा' पुरेसा होता.

तेव्हापासून 'हा' देण्याचं काम तिचं झालं. मी तुकडे धरायचे, थेंब टाकायचा, आणि तिने पुढे वाकून हा द्यायचा. गच्च चिकटायचं. ती टाळी वाजवायची. मी पहिल्याच दिवशी स्वतः फुंकायला गेलो होतो, तर तिने मला ढकललं. "तुमच्या तोंडाला तंबाखूचा वास येतो. माज्या बापाच्या इहिरीला त्यो नगं." मी हसलो आणि ऐकलं. ऐकायला सोयीचंच होतं. दोन्ही हात गुंतलेले असताना कोणीतरी शेजारी बसून हा देतंय, यापेक्षा सुखाचं काम मी आयुष्यात केलेलं नाही. शाळा सुटली की मी धावत घरी यायचो. ती उशीला टेकून तयार असायची. "आज किती हा लागतील?" विचारायची. मी म्हणायचो, "वीसेक." वीस म्हणताना मला डॉक्टरांचं वाक्य आठवत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. ते आठवायचं. पण हंडा नाही, जिना नाही, नुसता हा तर आहे, असं मी मनाशी म्हणायचो.

मार्चअखेर तिचा हा उशिरा येऊ लागला. वाकायची, थांबायची, पुन्हा सरळ बसायची. एका संध्याकाळी मी धावेचा कठडा लावत होतो. बोटं अवघडून गेली होती. तिने हा दिला तो अर्धाच आला, कठडा सुटला आणि दुसऱ्या बाजूला मोडला. मी ओरडलो, "अगं, नीट दे की! एवढं साधं काम आहे!"

ती म्हणाली, "थांबा वाईच. गोळा करतीया."

आणि ती खरोखरच गोळा करत होती. दोन्ही हात जमिनीला टेकून, खांदे वर घेऊन, थोडा थोडा. मी तुकडे धरून बसलो. मी तिला थांबवलं नाही. कठडा हातात होता, थेंब टाकलेला होता, आणि मी वाट बघत बसलो. तिने हा दिला. कठडा चिकटला. "झालं का नीट?" तिने विचारलं. मी म्हणालो, "झालं." या एका शब्दाची मला आजही लाज वाटते.

मग एकच गोष्ट राहिली होती. "मला बी उभी करा तितं," ती म्हणाली होती. "थारोळ्यापाशी. परकर घातलेली, बारकी. हातात तांब्या द्या." मी कामटीची बोटभर मुलगी कोरली, परकर निळा रंगवला. रंग वाळला की दुसऱ्या दिवशी चिकटवू, असं ठरलं. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी चहा गाळत असताना, तिने मला हाक मारली. हाकेत नुसती हवा होती. नगरला पोचायच्या आत सगळं संपलं. पुण्याच्या नंबराला अजून दोन महिने होते.

मी डॉक्टरांना विचारलं, अगदी लहान मुलासारखं विचारलं, की त्या फुंकरींमुळे झालं का? ते म्हणाले, "नाही हो मास्तर. एवढ्याशा फुंकरीने काही होत नाही. झडपच तशी होती." ते खरंच बोलले असतील. मी ते मान्य केलं आहे. पण मान्य केलं म्हणून रडू थांबत नाही, आणि मी फार दिवस रडलो. तंबाखू मात्र त्या दिवशीच सुटली. दहा वर्षांची सवय, एका दिवसात. इतकं सोपं होतं ते.

तेरावं झाल्यावर सासरे दोन दिवस मागे राहिले. निघायच्या दिवशी त्यांची नजर कोनाड्यातल्या मोटेकडे गेली. त्यांनी ती उचलून खाली घेतली आणि मांडी घालून समोर बसले. खडीने फुटलेल्या बोटांनी चाक फिरवून बघितलं, चिंचेला हात लावला. "बराबर हाय," म्हणाले. "चिंच हितंच हाय." मग चाकावरचा निळा दोरा नखाने काढायला गेले. मी एवढ्या जोरात 'नको' म्हणालो की ते दचकले. मी त्यांना पदराचं सांगितलं. त्यांनी बोट मागे घेतलं.

मग त्यांना आडवी पडलेली बोटभर मुलगी दिसली. "ही?"

"तीच आहे," मी म्हणालो. "थारोळ्यापाशी उभी करायची होती."

"मग करा की, जावईबापू. अशी पडल्याली नगं."

मी बरणीतल्या तांदळात हात घालून ट्यूब काढली. मुलीच्या पायांना एक थेंब लावला आणि ती थारोळ्याच्या काठाशी धरली. वळवाचा थेंबही पडलेला नव्हता. हवा तशीच कोरडी होती, त्यामुळे ती उभी राहीना. सासरे बघत होते. मी सवयीने मान वळवून शेजारी बघितलं. उशी अजून भिंतीला टेकलेली होती.

मी वाकलो आणि तोंड उघडून हा केला. एकच. मोजायलाही वेळ मिळाला नाही, मुलगी घट्ट उभी राहिली.

"चिकटली?" सासऱ्यांनी विचारलं.

"चिकटली," मी म्हणालो.

माझ्या श्वासानेही चिकटत होतं. पहिल्या दिवसापासून चिकटलं असतं.