स्पीकर कशाला?

नातीला गेमिंग कॉम्प्युटर जोडून घ्यायचा होता. दुकानात सई एकेक भाग उचलायची, किंमत विचारून खाली ठेवायची. रंगीत दिवे यादीतून गेले, ग्राफिक्स कार्डही वापरलेलं घेतलं. मी जन्मभर सायकली जोडल्या. जुना भाग नव्या सायकलीला बसतो, हे मला ठाऊक आहे. माणसं एकदा सुटली की तशी बसत नाहीत.

माझा लेक, सईचा बाप, परदेशात आहे. गेम खेळता खेळता तिच्याशी बोलतो. माझ्याशी अबोला. आधी फोन मी करणार नाही.

“स्पीकर घे,” मी म्हणालो.

“हेडफोन आहे की आबा! उगाच खर्च.”

“दिवाळीला मला धोतर नको. स्पीकर घे.”

सईनं माझ्याकडे पाहिलं. “पप्पांचा आवाज मोठा ठेवीन,” ती हळूच म्हणाली.

मी काउंटरच्या काचेवरचा एक स्क्रू हातात घेऊन बघत राहिलो.