कॅलेंडरवरचे तीन गोल

सत्यवतीबाईचा विश्वास जगात दोनच गोष्टींवर होता. एक, तिचं स्वतःचं लोखंडी एक किलोचं वजन. दुसरा, अकोल्याचा तिचा थोरला भाऊ गोवर्धन. बाकी सारी दुनिया चोर! नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात मेथी-सांभाराच्या जुड्या विकायला बसली की स्वतःचं वजन पदराखाली घेऊन बसायची, अन् दुसऱ्याकडून पावभर लसूण घ्यायचा झाला तरी आधी आपलं वजन त्याच्या काट्यावर ठेवून काटा पाहायची. दुधाचा थेंब नखावर धरायची. नवरा ओमप्रकाश होता तोवर त्याचे खिसे तपासायची. तो गेला, आणि हा सगळा जाच एकुलत्या एक पोरीच्या वाट्याला आला.

पोरगी गीतांजली. अमरावतीच्या पॉलिटेक्निकात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला. रोज सकाळी एसटीने जायची, संध्याकाळी धुळीने माखून यायची. “उनात काठ्या धरून उभं राह्यचं, अन् त्याले म्हणायचं शिक्षण!” असं बाई चारचौघीत म्हणायची. पण पोरगी इंजिनिअर होऊन राहिली हेही त्याच दमात सांगायची.

ओमप्रकाशच्या मागे बाईने जिद्दीने दोन खोल्यांचं घर बांधायला काढलं होतं. ठेकेदार दुसरा कोण असणार? गोवर्धनदादा. सिमेंटच्या खोलीची किल्लीसुद्धा तिने त्याच्याच हाती दिली. महिन्याभरापूर्वी एका रविवारी स्लॅब टाकला. बाई दिवसभर चुलीपाशी होती, मजुरांसाठी वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदी करत. मजुरांनी ताटं पळवू नयेत म्हणून तिने ती तीनदा मोजली. सिमेंटची पोती मात्र मोजायचं तिच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगी कॉलेजला निघाली ती एक भली जड पिशवी घेऊन. दोन्ही हातांनी उचलत होती.

“काय आहे व त्याच्यात?”

“पुस्तकं, आई.”

पुस्तकं! बाईच्या कपाळाची शीर तटकन उडाली. मग तिची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. तिथं तीन गोल काढले होते. पहिला स्लॅबच्या रविवारी. दुसरा पुढच्या रविवारी, आत लिहिलेलं ७. तिसरा त्यानंतर तीन आठवड्यांनी, आत २८.

आता अठ्ठावीस दिवसांचा हिशेब बाईमाणसाला समजवावा लागतो काय? पोट्टी कशाचे दिवस मोजून राहिली? कोणासाठी? दुसऱ्या गोलाच्या रविवारी गीतांजली “ज्यादा तास आहे” म्हणून गेली, आणि तोंड उतरवून परत आली. रविवारी कुठलं कॉलेज असते व माय!

त्याच आठवड्यात गोवर्धनदादाने अकोटचं स्थळ आणलं. “कापसाच्या जिनिंगवाले आहेत. पोरगी हाताबाहेर जायच्या आत उजवून टाक,” तो म्हणाला. “परीक्षा-बिरीक्षा काय कामाची?” बाईने मनाशी ठरवून टाकलं. तिसऱ्या गोलाच्या दिवशी पोट्टी पुन्हा गेली, तर कॉलेज बंद आणि अकोटच्यांना होकार.

तो रविवार आला. गीतांजली गेली. बाईही गेली, त्याच एसटीत, मागच्या सीटवर, डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढून. अमरावतीला राजापेठेत पोरगी उतरली, तशी बाई पाच माणसांच्या आडून तिच्या मागे. तिला वाटलं होतं, आता एखादा मोटारसायकलवाला येईल. कोणी आलं नाही. पोरगी थेट कॉलेजात शिरली आणि मागच्या एका लांबट शेडचं दार ढकलून आत गेली. आतून पुरुषाचा आवाज आला.

बाईने चप्पल हातात घेतली आणि दार लाथेने उघडलं.

आत पन्नाशीचा एक माणूस उभा होता, खाकी कपड्यांत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तो प्रयोगशाळेतला भगवंत. गीतांजली पाण्याच्या हौदातून सिमेंटचा एक चौकोनी ठोकळा काढत होती.

“आई!”

“हे काय होय?”

पोरगी पांढरी पडली. मग म्हणाली, “आपला स्लॅब होय. त्या दिवशी मी त्याच मालाचे तीन साचे भरले होते. सातव्या दिवशी एक फोडला, आज अठ्ठाविसावा. इतके दिवस पाण्यात ठेवला की त्याची खरी ताकद कळते.”

“अन् हे चोरून काहून?”

गीतांजलीने ठोकळा भगवंतच्या हातात दिला. त्याने तो दाब देणाऱ्या मशीनच्या जबड्यात ठेवला. तबकडीवरचा काटा सरकू लागला, आणि काटा म्हटल्यावर बाई आपोआप पुढे झाली. आयुष्यभर तिने दुसरं केलंच काय होतं! “चारशे पन्नासच्या वर जायले पाहिजे,” भगवंत म्हणाला. काटा दोनशे चाळीसवर गेला आणि ठोकळा कडकन फुटला. दुसरा ठेवला. तो त्याच्याही आधी फुटला.

“तुमची मशीन खोटी आहे!” बाई कडाडली. “माह्या दादाचं काम आहे हे. दुसऱ्याचा ठोकळा ठेवा, पाहू द्या मले.”

भगवंतला राग आला नाही. त्याने हौदातून पोरांनी शिकताना केलेला एक ठोकळा काढला आणि ठेवला. काटा चारशे पन्नास ओलांडून पुढं गेला, आणखी पुढं गेला. मशीन खरी होती.

सत्यवती खाली वाकली. फुटलेला तुकडा तिने उचलला आणि अंगठ्याने दाबला, तशी त्याची वाळू झडून पडली.

“सिमेंट कमी घातलं, आई. सातव्या दिवशीच समजलं होतं मले. पण हे अठ्ठाविसाव्या दिवशीच नक्की होते.”

“मले सांगता नाही आलं तुले?”

“मामाविरुद्ध? तू मानलं असतं?”

मानलं नसतंच. पोरीच्याच थोबाडीत दिली असती. साऱ्या गावाचे काटे तपासणाऱ्या बाईने ज्याला दर दिवाळीला ओवाळलं, त्याच्यापाशी डोळे मिटून घेतले होते. ती तिथेच, त्या ओल्या फरशीवर, पदर तोंडाला लावून रडली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. गोवर्धनदादाच होता.

“सत्या, उद्या माणसं पाठवतो, स्लॅबखालचे टेकू काढतो. अन् गुरुवारी अकोटवाले येऊन राहिले. पोरीले आता घरीच बसव.”

सत्यवतीने डोळे पुसले.

“दादा, स्लॅबच्या दिवशी गीता साचे भरून राहिली होती. तुले दिसली होती काय?”

बाई थांबली. फोन लागलेला होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं की आपला संशय खोटा निघावा.

“पोट्टीच्या नादी काय लागतं तू...” दादा शेवटी म्हणाला. म्हणजे दिसली होती, म्हणूनच अकोटची घाई!

“टेकूले हात लावू नको,” सत्यवती म्हणाली. “अकोटवाल्याइले येऊ नका म्हण. स्लॅबचं काय करायचं ते आता गीता सांगन.”