एकेचाळीस फोटोंतला एक हात

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. सत्तावीस वर्षं बेंगळुरूतल्या एका सरकारी कारखान्यात विमानांच्या सुट्या भागांची मापं तपासतोय. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नसतंच. म्हणून हे लिहायला दोन वर्षं लागली... आणि यात माझं एक खोटंही आहे, म्हणूनही.

माझी मुलगी केतकी इथेच डिझाइन शिकते. प्रोजेक्ट म्हणून तिला फोटोंचं कॉमिक करायचं होतं — चित्रांऐवजी फोटो, त्यांवर संवादांचे फुगे. गोष्ट साधी. दोन म्हातारे मित्र आनेकलच्या बसची वाट बघतायत. एक मी. दुसरे तिच्या मैत्रिणीचे वडील, पण ते बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले ते अडकलेच.

"बाबा, तू एकटाच बस. अंकलचे फोटो रविवारी काढून तुझ्याशेजारी जोडीन. फक्त त्यांच्या खांद्यावर ठेवल्यासारखा हात धर."

"हवेत? लोक बघतायत गं."

"बघू देत. कुणी विचारलंच तर सांगीन, स्वल्प ऊन लागलंय."

जयनगरचा बसस्टॉप, दुपारचे साडेतीन. मी उजवा हात शेजारच्या रिकाम्या जागेवर धरला. पाचेक मिनिटांत दंड भरून आला. मग... दुखायचा थांबला. हात टेकला होता. कशावर, ते मी वळून पाहिलं नाही. तळव्याला सुती शर्टाखालची ऊब लागत होती. केतकी दोनदा म्हणाली, "दमलास तर खाली घे." मी नको म्हणालो. अर्धा तास.

रविवारी अंकलचे फोटो निघाले आणि केतकी वैतागली. "बाबा, तुझा हात फारच खाली आहे. त्यांच्या खांद्यात रुततोय!" कुठला फोटो बसतोय हे बघायला तिनं माझे एकेचाळीसच्या एकेचाळीस फोटो बाकाच्या कडा जुळवून कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवले. मान हललेली, डोळे हललेले, कोपरसुद्धा. पंजा तेवढा एकच दिसत होता. मी स्क्रीनवर मोठा करून मोजला. केसाइतकाही फरक नाही. आमच्या कारखान्यात घट्ट आवळलेला भागसुद्धा याहून जास्त हलतो.

तेव्हा वहिनी बेळगावहून आमच्याकडे आल्या होत्या — माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या पत्नी. पावटे सोलता सोलता ताट घेऊनच आत आल्या आणि स्क्रीनपाशी थबकल्या. स्क्रीनवर मी, आणि शेजारी रिकामा बाक.

"हा ह्यांचा खांदा," त्या म्हणाल्या.

अण्णा लहानपणी चिंचेवरून पडला होता. डावा खांदा कायमचा दोन बोटं खाली. केतकीला हे माहीत नव्हतं. माझ्याही डोक्यात नव्हतं.

"तुम्ही सांगितलं होतंत ना भावजी, शेवटी तुमचा हात त्यांच्या खांद्यावर होता म्हणून. तस्साच."

हेच ते खोटं. अण्णा इथल्याच एका हॉस्पिटलात वारला. वहिनी बेळगावहून निघालेल्या, वाटेत होत्या. अण्णा मला म्हणाला, "बस रे जरा." मी "आलोच" म्हणून खाली कॉफी प्यायला गेलो. कॉफी नको होती... त्याच्याकडे बघवत नव्हतं, एवढंच. वर आलो तेव्हा पडदा ओढलेला होता. नऊ वर्षं वहिनी त्या हाताच्या आधारावर होत्या आणि मी तो राहू दिला होता.

"वहिनी, मी तिथे नव्हतो," मी म्हणालो. सगळं सांगितलं. केतकीसमोरच.

त्या बराच वेळ पावटे सोलत राहिल्या.

"प्यालात कॉफी?"

"...प्यालो."

"पूर्ण?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मग केतकीला म्हणाल्या, "तिथे दुसऱ्या कुणाला बसवू नकोस हां."

केतकीनं नाही बसवलं. कॉमिकमध्ये मी एकटाच आहे, रिकाम्या बाकाशी बोलणारा. त्या पानाची एक प्रत वहिनी घेऊन गेल्या.

नंतर मी पुन्हा पुन्हा मोजलं. नवा कॅमेरा आणून, त्याच बसस्टॉपवर बसून हात तसाच धरूनही पाहिला. चार मिनिटांत हात थरथरायला लागला. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि आता ते सापडावं असंही वाटत नाही.

गेल्या महिन्यात बेळगावला गेलो होतो. वहिनींनी कॉफी आणून दिली, समोर बसल्या, आणि पेला माझ्या ओठाला लागायच्या आत म्हणाल्या, "इथेच बसून प्या."