कोपरापासून करंगळीपर्यंत

पुतणीच्या लग्नाचा चुडा भरायला कासारीण घरी आली होती. वहिनीच्या हातात चढवताना एक बांगडी पिचली. फुटली म्हणायचं नसतं, म्हणून सगळ्या बायका घाईघाईने "वाढवली, वाढवली" म्हणाल्या. मला मात्र तिच्या करंगळीवरून ओघळणारं रक्त दिसलं.

"वहिनी, काच रुतलीय!"

"कुठे गं?" म्हणत ती दुसराच हात न्याहाळू लागली.

काच रुतलेली तिला जाणवलीच नव्हती. दारावर कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या नेणारी ती सुतळीएवढी नस! हिच्या हातात ती कधी विझली? त्याच हाताने ती रोज आमच्यासाठी तव्यावरच्या पोळ्या उलटत होती.

मी पदराने तिची करंगळी घट्ट आवळून धरली. कासारणीपुढच्या हिरव्या बांगड्यांवरची नजर न काढता वहिनी म्हणाली, "अगं, धर ना लवकर, साडीला रक्त लागेल!"