रेवाचा भरून काढलेला फोटो

अविनाशचा फोन आला तेव्हा मी कॉम्प्युटरवर एका सोफ्याच्या कव्हरवरच्या सुरकुत्या काढत होते. फेब्रुवारीतली मंगळवारची दुपार होती. कॅल्गरीतल्या एका लहानशा स्टुडिओत मी रिटचिंगचं काम करत असे. दुकानांच्या जाहिरातींचे फोटो आमच्याकडे यायचे, आम्ही ते नीटनेटके करून परत पाठवायचो. अविनाश मला कामाच्या वेळेत कधी फोन करत नसे. ‘अनघाताई, रेवा गेली,’ तो म्हणाला. ‘कुठे गेली?’ मी विचारलं. मॉडेलिंगच्या कामासाठी ती टोरंटोहून सारखी कुठे ना कुठे जातच असायची, म्हणून मला त्यात वेगळं काही वाटलंच नाही…  मागून त्याच्या बायकोचा, माझ्या मैत्रिणीचा, मेधाचा आवाज येत होता. मेधाला मी पंधरा वर्षं ओळखते, पण तो आवाज कधी ऐकला नव्हता. त्या आवाजावरून मला कळलं.

रेवा एकवीस वर्षांची होती. तिचं हृदय थांबलं. सकाळी तिच्या रूममेटने दार वाजवलं, उत्तर आलं नाही, एवढंच आम्हाला कळलं.

ती मला भेटली तेव्हा सहा वर्षांची होती. अविनाशला इथल्या तेल कंपनीत इंजिनिअरची नोकरी लागली आणि ती तिघं पुण्याहून आली. कम्युनिटी हॉलमधल्या गणपतीत ही पोरगी माझ्याशेजारी येऊन बसली आणि माझ्या पानातला मोदक उचलून म्हणाली, ‘तुला दोन कशाला?’ तेव्हापासून मी तिची मावशी. थालीपीठ केलं की मेधाच्या घरी फोन करायचा, हा माझ्या घरचा नियम होता. तव्यावरचं पहिलं थालीपीठ तिचं, तेही उभ्या उभ्या, बोटं पोळत. अविनाशच्या घरची सगळी माणसं उंच. ही तर नववीतच माझ्या डोक्यावरून पाहायला लागली. शाळेत मुलं जिराफ म्हणायची. ती घरी येऊन त्यांची नक्कल करायची, आम्ही हसायचो, आणि ती मात्र हसता हसता एकदम थांबायची.

त्याच सुमारास माद्रिदच्या एका फॅशन शोमध्ये फार बारीक मुलींना उभं करायचं नाही असं ठरल्याची बातमी आली होती. मेधाने ती चहा पिताना मला वाचून दाखवली. ‘कायदे करावे लागतात बघ जेवण्यासाठी,’ ती म्हणाली. आम्ही दोघी हसलो आणि विसरून गेलो.

सतराव्या वर्षी एका मॉलमध्ये एका बाईने रेवाला आपलं कार्ड दिलं. ज्या उंचीवरून चिडवलं जायचं, तीच कुणीतरी वाखाणली होती. अविनाशला ते पसंत नव्हतं, मेधाचं मन होईना. तेव्हा मीच म्हटलं, ‘जाऊ दे गं. या लाइनमध्ये मी आहे ना! काही वेडंवाकडं दिसलं तर सगळ्यात आधी मलाच दिसेल.’ हे वाक्य माझं आहे. मेधाने ते मला कधीही ऐकवलेलं नाही. मी स्वतःलाच ऐकवते.

बारावी संपल्यावर ती टोरंटोला गेली. पहिल्या वर्षी आली तेव्हा छान दिसत होती, दुसऱ्या वर्षी फार छान दिसत होती, आणि तिसऱ्या वर्षी मी दार उघडलं आणि क्षणभर तिला ओळखलंच नाही. त्या दिवाळीत तिने सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. हॉलभर फिरत होती, कुणाच्या पानात काय कमी आहे ते तिला आधी दिसायचं. तिचं पान कुठे आहे हे मात्र कुणाला दिसलं नाही. मेधाने स्वयंपाकघरात तिचं मनगट धरलं. ‘आय ॲम फाइन, आई. सगळ्या अशाच असतात तिथे.’ मेधाने मनगट सोडलं आणि स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिली. डॉक्टरकडे जायचं निघालं की रेवाची फ्लाइट पुढच्याच दिवशी असायची.

मागच्या उन्हाळ्यात ती एकटीच माझ्याकडे आली. त्या वर्षी इस्रायलमध्ये कायदा झाला होता. ठरावीक मापापेक्षा कमी वजनाच्या मॉडेलला काम द्यायचं नाही, डॉक्टरचा दाखला हवा, आणि फोटोत कुणाला बारीक केलं असेल तर तसं त्यावर लिहायचं. टोरंटोत मुली त्याबद्दल कुजबुजत होत्या. ‘इथे तसा कायदा आला तर माझं काम गेलं, मावशी,’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘बरंच होईल.’ मला वाटलं चिडेल. ती चहाच्या कपाभोवती दोन्ही हात धरून बसली होती. ‘मला पण कधी कधी वाटतं, यावा,’ ती हळूच म्हणाली. ‘मला स्वतःला थांबता येत नाहीये. कुणीतरी दारातच सांगायला पाहिजे, नो, यू कान्ट कम इन…’ मी तिच्याजवळ गेले, तिला जवळ घेतलं. हाताला काय लागलं ते लिहीत नाही. मग तिने डोळे पुसले आणि एकदम विचारलं, ‘बारीक केलं तर लिहायचं. आणि जाड केलं तर?’ ती स्वतःच्याच फोटोंबद्दल विचारते आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. ‘आईला सांगू नकोस हं,’ जाताना ती म्हणाली. मी मान डोलावली.

सप्टेंबरात एका मोठ्या दुकानाच्या हिवाळी कोटांच्या जाहिरातीचे फोटो आमच्याकडे आले. मी फाइल उघडली आणि समोर रेवा होती. कोट खांद्यावरून मागे सरकलेला, आत बिनबाह्यांचा ड्रेस. सोबत सूचना होती : मुलगी निरोगी दिसू द्या, तक्रारी नकोत. इकडे कायदा नव्हता, पण बातम्यांनी दुकानदार धास्तावले होते. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे मी. मुलगी तीच घ्यायची, फक्त तिचं आजारपण पुसून टाकायचं. अशा फाइल्स मी आधीही केल्या होत्या, अनोळखी मुलींच्या. त्या दिवशी मी उठून साहेबांकडे जायला हवं होतं. मेधाला फोन करायला हवा होता. मी काय केलं? गळ्याखालच्या हाडांमधले खळगे भरले. दंड गोल केले. गालांवर ऊन पडल्यासारखा रंग दिला. आणि खरं सांगायचं तर करता करता मला बरं वाटत गेलं… थालीपीठ खाणारी रेवा हळूहळू परत येत होती. मी ते फार मन लावून केलं. माझं इतकं चांगलं काम दुसरं कुठलं नसेल.

ऑक्टोबरात ती मॉलच्या भिंतीवर दोन मजले उंच लागली. मेधाने तोवर टोरंटोचं तिकीट काढलं होतं. काही झालं तरी रेवाला घरी आणायचं, इथल्या डॉक्टरकडे न्यायचं, असं ती आणि अविनाश ठरवून बसले होते. मॉलमधूनच तिचा फोन आला. ‘अनघा, तू पाहिलास का फोटो? अगं, किती भरली आहे! गाल बघ तिचे! मी उगाच जिवाला घोर लावून घेतला. आता तिला काम सोडायला लावलं तर ती माझं तोंड बघणार नाही. तिकीट कॅन्सल करते.’ मी म्हटलं, ‘हो, छान आलाय फोटो.’ चार शब्द. त्यानंतर चार महिने मी दर आठवड्याला तिच्याशी बोलले आणि दर वेळी ते सांगायचं राहून गेलं. ख्रिसमसला रेवा आलीच नाही, काम होतं म्हणाली.

तेराव्या दिवसानंतर मेधाने मला विचारलं, तो कोटाचा फोटो मोठा करून मिळेल का, भिंतीवर लावायला. तेव्हा मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, ‘म्हणजे तुला सप्टेंबरपासून माहीत होतं.’ ‘हो.’ ‘मी तिकीट कॅन्सल केलं तेव्हा माहीत होतं.’ ‘हो.’ तिने उठून दार उघडलं. मी माझे बूट हातात घेऊनच बाहेर आले, बर्फात उभी राहून घातले.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. ‘मूळ फोटो आहे?’ स्टुडिओतली फाइल बाहेर न्यायची नाही, असं मी लिहून दिलेलं होतं. मी ती नेली. मेधाने मूळ फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, ‘हिला ओळखते मी. हिच्यासाठीच तिकीट काढलं होतं.’ मग तिने दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापले आणि आमच्या भागातल्या आमदारबाईंना पत्र लिहिलं. इथे कायदा हवा, दाखला हवा, आणि फोटोत माणसाला काहीही केलं असेल, बारीक किंवा जाड, तर ते लिहायला हवं. खाली तिची सही, अविनाशची आणि माझी : हा फोटो मी बदलला. त्याच आठवड्यात माझी नोकरी गेली. साहेब ओरडले नाहीत. ‘तू नाही तर दुसरं कुणी करेलच की,’ एवढंच म्हणाले.

तीन आठवड्यांनी पत्राचं उत्तर आलं. सांत्वन होतं, मुद्दा महत्त्वाचा असल्याचं होतं, सध्या असा कुठलाही विचार नसल्याचंही होतं. मॉलमध्ये आता वसंताचे कपडे लागले आहेत. नवी मुलगी आहे, हसरी. मी तिच्यासमोर उभी राहिले. गळ्याखालची सावली ज्या बाजूला पडायला हवी त्या बाजूला नव्हती. कुणीतरी घाईत खळगे भरले होते… कुणाची तरी मुलगी आहे ती. तिच्या आईला कुठे शोधू?

गेल्या रविवारी मेधाने मला बोलावलं, त्या पत्रानंतर प्रथमच. रेवाची बेसमेंटमधली खोली आवरायची होती. दार उघडलं आणि गरम हवेचा लोट अंगावर आला. पलंगाशेजारी एक छोटा हीटर लालभडक पेटलेला होता. ‘सुट्टीत आली की लावायची,’ मेधा म्हणाली. ‘जुलैतसुद्धा. मला वाटायचं, नखरे.’ रेवा गेल्यावर अविनाशने एकदा तो बंद केला होता, मेधाने पुन्हा लावला. आम्ही कपाट उघडलं, एका स्वेटरची घडी घातली, दुसरा हातात घेतला आणि तिथेच थांबलो. घामाने माझे कपडे अंगाला चिकटले होते. मी बटणाकडे हात नेला.

‘राहू दे,’ मेधा म्हणाली. ‘तिला थंडी वाजते.’