पित्त नव्हे, मन खराब

चार महिने आमच्या घरात पित्त नांदत होतं! यांची बदली झाली, कलकत्त्याला गार्डन रीचच्या रेल्वे कॉलनीत आलो, घर छान, हवेशीर. आणि मी? अंथरुणातून उठवत नव्हतं. वेणी नको, जेवण नको, कुणाचा फोन नको. आईला सांगायचे, “पित्त झालंय गं.” हेही सगळ्यांना तेच सांगायचे. खरं बोललं तर लोक वेड लागलं म्हणतील, ही धास्ती. बाप्पापुढे दिवा लावायलाही हात उचलवेना. जगून तरी काय करायचंय, असं मनात यायला लागलं होतं.

त्या संकष्टीला मी बाप्पाला म्हटलं, “ही शेवटची जास्वंद. मग तू तुझं बघ.” आणि कशीबशी बाजारात गेले.

तोंडाशीच एक फुलवाली मावशी बसते. फूल देताना तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “दीदी, मोन खाराप?”

माझं मन खराब? अहो, तळपायाची आग मस्तकात गेली! कित्येक दिवसांत मला कशाचा रागसुद्धा आला नव्हता. “खराब होगा तुम्हारा! मैंने क्या चोरी की है?” मी ओरडलेच. मावशी आधी भांबावली, मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. “आरे ना ना! मोन खाराप माने मन उदास!” शेजारच्या मासेवालीनंही मान हलवली, मला पडसं झालं असावं इतक्या सहज.

इतकं सोपं? भर बाजारात? मी तिथंच बसून हमसून हमसून रडले. मावशीनं गिऱ्हाइकं थांबवली, माझा हात धरला. “मेरा भी हुआ था. डाक्टर दिखाया, दवा खाया. शरम किस बात का?” टोपली मासेवालीवर सोपवून ती मला थेट घरी घेऊन आली.

दार उघडताच यांनी सवयीनं सुरू केलं, “हिला जरा पित्ताचा—”

“पित्त नाही हो,” मी म्हटलं. “माझं मन खराब आहे. मला जगावंसं वाटत नाही.”

यांनी मला आत घेऊन बसवलं. “मला दिसत होतं गं. विचारायचं धाडस होत नव्हतं.” त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. औषध अजून चालू आहे, आणि जेवण गोड लागतंय, बरं का!

मावशीच्या त्या बोलण्यात बाप्पाच होता का, याचा खल मी करत नाही. त्याच्यापुढे हात टेकले आणि त्यानं मला माणसापाशी नेऊन सोडलं, एवढं खरं. शेवटची म्हणून घेतलेली ती जास्वंद मावशीनंच त्याला वाहिली, तिच्या कालीमातेचं नाव घेत!

परवा इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला मी हे सगळं मोठ्यानं सांगितलं. मग मला कुंकू लावता लावता बँकेतल्या साहेबांची बायको माझ्या कानाशी वाकली.

“वहिनी, मलाही ना... पित्त नाहीये.”

मी तिच्या हातातला करंडा बाजूला ठेवला आणि तिचा हात धरला.